गुलाबाचा गारवा

मी एक अत्तराची कुपी. बोटभर उंचीची, पैलू पाडलेल्या काचेची. राळेगावजवळच्या पुंडलिकरावांच्या घरी, पेटीतल्या शालूच्या घडीत माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात सध्या जे आहे त्याची मलाच भीती वाटते, म्हणून बोलतेय.

पुंडलिकरावांच्या लग्नात मी नागपूरहून आले, तेव्हा माझ्यात कनोजचं अस्सल गुलाब होतं. चंदनाच्या तेलात मुरलेलं, सुस्त, शांत. बूच काढलं तरी बाहेर यायची त्याला घाई नसे. थेंबाथेंबानं ते संपलं. अठ्ठावन्न साली थोरलीचं लग्न ठरलं, तोवर तसल्या अत्तराचा भाव ऐकवत नव्हता. मग पुंडलिकरावांनी कळंबच्या जत्रेतून स्वस्तातलं गुलाब आणलं आणि माझ्यात ओतलं. कुपी पाहूनच माणसं वासाला नावाजतात, हे त्यांना पक्कं ठाऊक.

हे नवं बेटं भारी चंचल. दिवसरात्र माझ्या बुचाला ढकलत राहायचं.

पुंडलिकरावांच्या पत्नी इंदुताई. त्यांनी ते उजव्या तळहातावर चोळून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वास तर तोच हाय जी. पण हे गारगार काहून लागून राह्यलं? अन् हात पाहा, लगेच कोरडा!"

"मंग चांगलंच हाय ना! फेट्याले तेलाचा डाग नाही पडत," पुंडलिकराव हसले.

झाली परीक्षा. नाकानं पास केलं, हाताचं कोणी ऐकलं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, हे तेल नाही, स्पिरिट आहे, दिव्यापासून लांब ठेवा!

मांडवात व्याही मारोतरावांनी मला हुंगलं. "वा! असल कनोजचं दिसते!"

एवढं ऐकलं आणि पुंडलिकरावांचा हात सैल सुटला. जावयाच्या कानात बोराएवढा कापसाचा फाया खोचला, तोही निथळता. तेवढ्यात इंदुताई निरांजन घेऊन ओवाळायला आल्या.

फाया भप्पकन पेटला. ताईंनी ताट टाकलं आणि जळता कापूस उजव्या मुठीत ओढून चुरगाळला. जावयाचा कान थोडक्यात बचावला. ताईंचा तळवा पार भाजला.

"बाईचा हात हालला," मारोतराव म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, पुंडलिकरावांनीही. आणि ताईंनीसुद्धा तेच खरं धरलं, याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हापासून त्या कोणाला ओवाळत नाहीत.

मी अजून निम्मी भरलेली आहे. उद्या धाकटीचं लग्न. ओवाळायला मुद्दाम थोरलीला बोलावलंय, तिचा हात स्थिर आहे म्हणून.

आत्ताच ताईंनी मला शालूतून काढून पुसलं. एक थेंब तळहातावर घेतला, त्याच उजव्या. हुंगला आणि समाधानानं मान हलवली.

त्या तळव्याला आता गार-गरम काही कळत नाही.

ताई, दुसऱ्या हातावर लावून पाहा ना. अहो, दुसऱ्या हातावर!