बुडीत खाती वगळून

विश्वजीत काळभोरांनी बनवलेलं मॉडेल नापास करायची कुणाची छाती नव्हती, आणि दीपमालाची तर इच्छाही नव्हती. गृहकर्जं बुडाली तर तोटा सोसायला बँकेने किती भांडवल बाजूला ठेवायचं, हे त्या मॉडेलवरून ठरणार होतं. ते मंजूर झालं की भांडवल कमी लागणार, वरचे खूश होणार आणि सर जोखीम विभागाचे प्रमुख होणार, हे खराडीच्या ऑफिसात चहावाल्यालाही ठाऊक होतं. आडवा येत होता तो एकच नियम: आपलं मॉडेल आपणच तपासायचं नाही. म्हणून तपासणी दीपमालाकडे आली. वर्ध्याहून आलेल्या या पोरीला जोखमीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा सरांनीच तिला हाताला धरून शिकवलं होतं. आता गुरूची परीक्षा शिष्येने घ्यायची!

तपासता तपासता तिला सरांचं आणखीच कौतुक वाटू लागलं. काय ते काम! कुठे खोट म्हणून सापडेना. नव्वदच्या दशकातल्या मंदीतही पुण्यात घराचं कर्ज जवळजवळ बुडालंच नव्हतं, असं मॉडेल सांगत होतं. पुणेकर हप्त्याला चोख, असं म्हणून सगळ्यांनी आपलीच पाठ थोपटून घेतली.

शेवटच्या बैठकीत ती ठरलेल्या यादीतले प्रश्न वाचत गेली. "मॉडेलला दिलेली जुनी माहिती पूर्ण आहे का?" 'हो' म्हणायचं आणि पुढे सरकायचं, असला तो प्रश्न. पण सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "शाखांमध्ये संगणक आले, तेव्हा खाती चढवायला मीच होतो. फक्त चालू खाती घेतली. मंदीत बुडालेली आधीच राइट-ऑफ होऊन वह्यांतून निघाली होती, ती मागेच राहिली. या मॉडेलने ती कर्जं पाहिलेलीच नाहीत. माझ्याही आत्ता लक्षात आलं. नापास लिही, दीपमाला."

महाव्यवस्थापक उसळलेच. "अहो, आपण बोलला नसता तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. पण तिने विचारलंय, साहेब."

असा माणूस शोधून सापडायचा नाही. दीपमालाने 'नापास' लिहिलं.

पुढच्या महिन्यात प्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. त्या संध्याकाळी ती सरांच्या टेबलापाशी गेली.

"सर, मला शंकाबिंका काही आली नव्हती हो. मी नुसती यादी वाचत होते. पासच करणार होते."

"माहितीये," सर बॅग भरत म्हणाले. "पुढच्या वेळी यादीत नसलेलंही विचारत जा."

ती जरा घुटमळली. "वाईट वाटतंय का, सर?"

एवढी वर्षं ऑफिसात तोलूनमापून, शुद्ध बोलणारा तो माणूस एकदम आपल्या गावचा, लोणी काळभोरचा झाला.

"वाटतंय की, पोरी. लय वाटतंय," ते म्हणाले, आणि तिच्यासमोर डोळे पुसायला लाजले नाहीत.