अर्धा मणका

कमळाबाईचं तोंड म्हणजे पेटलेली फटाक्यांची लड. नागभीडजवळच्या त्या गावात धान रोवणाऱ्या बायांची टोळी तीच चालवायची आणि ती बोलायला लागली की गड्यांचीही बोलती बंद. तिचा सात महिन्यांचा कुत्रा, भुऱ्या, मागचे पाय ओढायला लागला, तेव्हा तिनं हापशीवर सगळ्यांदेखत बोटं मोडली.

"या साधनानंच लाकूड फेकून मारलं! मुक्या जिवाची कंबर मोडली, हात झडतीन इचे!"

साधना तिची शेजारीण. बारा वर्षं रोवण्यात दोघी लागूनच वाकायच्या. भुऱ्यानं शिजलेल्या भाताच्या गंजात तोंड घातलं म्हणून तिनं चुलीतलं लाकूड फेकलं, हे खरं. "पण लागलंच नाई वं," ती रडकुंडीला येऊन सांगत राहिली. ऐकतं कोण? त्या दिवसापासून साधना टोळीबाहेर. रोवणं ऐन भरात आलेलं आणि ही बाई घरी बसलेली.

तेल चोळलं, हळद बांधली, भुऱ्या काही सुधारेना. महिन्यानं कमळानं त्याला पोत्यावर निजवून ऑटोनं नागभीडला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. फरहा डॉक्टरनं पाय दाबून पाहिले, भुऱ्यानं कुंई केलं नाही. मग तिनं मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला. तो तसाच राहिला.

"चांगलं कुत्रं पंजा लगेच सरळ करते," डॉक्टर म्हणाली. "याले आपला पंजा कसा आहे तेच कळून नाई राह्यलं. पायात काई नाई, बाई. भानगड पाठीत आहे."

फोटो काढला. मणक्यांच्या ओळीत मधेच एक मणका अर्धा, पाचरीसारखा.

"हा जन्मापासून असाच. पिल्लू वाढलं तशी पाठ वाकली अन् आतली शीर दबली."

"मार लागून नाई?"

"मारानं हाड तुटते, सरकते. हे तं पुरतं बनलंच नाई."

गोळ्या, आराम, उड्या बंद. नाही उतार पडला तर नागपूरला ऑपरेशन. कमळा मान हलवत होती, पण तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एवढ्या वर्षांच्या मैत्रिणीला आपण गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही!

जिथं बोललो तिथंच निस्तरायचं, हाही तिचाच खाक्या. संध्याकाळी हापशीवर बाया होत्या. साधना पाण्याचा गुंड घेऊन सगळ्यांच्या मागे उभी होती.

"ऐका वं!" कमळा ओरडली. "भुऱ्याचा मणका जन्मापासूनच अर्धा आहे. साधनानं काई नाई केलं. मीच चुकली."

आता साधना हिला धुऊन काढणार, असं सगळ्यांना वाटलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"लागलं होतं वं, बाई. पाठीतच लागलं होतं. भेवून खोटं बोलली मी. महिनाभर मले वाटे, मीच मोडली त्याची कंबर."

कमळाचा पारा सर्रकन चढला. म्हणजे मारलं होतंच! पण समोरची बाई अशी हमसून रडत होती की तिचा हातच उठेना.

"सटवे, मले सांगतलं असतं तं..." ती म्हणाली आणि तिथंच अडकली. सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं, हे तिथल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं. कमळालाही.