ईस्टरचं हसू

पद्मजा मध्ययुगीन चर्चच्या इतिहासात पीएचडी करत होती. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावातल्या एका छोट्या चर्चच्या पाद्रीबाईंनी तिला ईस्टरच्या सकाळी थोडं बोलायला बोलावलं. विषय तिचाच: जुन्या काळी जर्मन मुलखात ईस्टरच्या प्रवचनात पाद्री जमलेल्या लोकांना मुद्दाम हसवत, तो.

"आणि कुणी हसलंच नाही तर?" बसमध्ये तिनं रूममेट निधीला विचारलं.

"मी हसेन ना यार! त्यासाठीच तर रविवारची झोप कॅन्सल केली."

चर्चमध्ये बहुतेक पांढरी डोकी होती. पद्मजानं गंभीरपणे सुरुवात केली. सुरुवातीच्या शतकांतले धर्मगुरू सांगत, माशानं आमिष गिळावं तसं सैतानानं येशूला साधा माणूस समजून गिळलं. आत देवत्वाचा गळ आहे हे त्याला कळलंच नाही. येशू तिसऱ्या दिवशी जिवंत उठला आणि सैतान पुरता फसला! मग पुढच्या लोकांना वाटलं, ईस्टरआधीच्या लांबलचक उपासांनंतर या फजितीवर पोट धरून हसायला नको? कुणी पाद्री चुटके सांगे, कुणी प्रवचन सोडून चक्क तिकडच्या कोकिळेसारखा 'कुक्कू' ओरडे.

पुढच्या बाकावरच्या आजोबांनी घड्याळ पाहिलं.

पद्मजाचे कान तापले. काही सुचेना, तशी तिनं माइक घट्ट धरला आणि ओरडली, "कुक्कू!"

आवाज फाटला. शिट्टी अडकलेला कुकरच जणू.

निधीच्या नाकातून फुर्रकन आवाज निघाला. तिनं स्कार्फ तोंडात कोंबला, पण उपयोग शून्य; ती खिंकाळलीच. आजोबा रागानं मागे वळले आणि बघता बघता त्यांचेच खांदे हलू लागले.

"कुक्कू," ते बायकोला म्हणाले.

"कुक्कू!" ती किंचाळली.

मग काय! मागं कुणी कोंबडा झालं, कुणी बदक. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई हसता हसता कोपरावर कोसळल्या. ऑर्गन असा बोंबलला की पाद्रीबाई डोळे पुसत पायरीवरच बसल्या.

पद्मजाला पुढं बोलताच येईना. इतकी वर्षं ती हे हसू लॅटिनमध्ये वाचत होती. ते बरगड्यांत दुखतं, असं कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

"सैतान गेला का?" आजोबांनी ओरडून विचारलं.

"पळाला!" सगळं चर्च ओरडलं.

निघताना पाद्रीबाईंनी तिचे हात धरले. "पुढच्या वर्षी गाढव जमेल?"

"आत्ताच ऐकवू?" पद्मजा म्हणाली, आणि दारातच तिनं मान वर केली.