माझ्यावर कोणी मेलं नाही

मी एक बाज बोलतेय. या, बसा माझ्यावर. भिऊ नका.

माझे पाय बाभळीचे, विणकाम अंबाडीच्या दोरीचं. घाटंजीकडच्या एका खेड्यात विठ्ठलरावांनी मला आपल्या हातानं विणलं. विमलताई लग्न होऊन घरी आल्या, त्याच वर्षी. उन्हाळ्यात मी अंगणात असे, थंडीत ओसरीवर. माझ्यावर तुरीच्या शेंगा वाळल्या, पाहुणे चहा प्याले, त्यांची धाकटी लेक समीक्षा दूध पिता पिता झोपी गेली.

कोण कसं निजतं, त्यावरून मला माणूस कळतो. विमलताई नेहमी डाव्या कुशीवर निजत. पुढे त्यांनी कूस बदलली. डावी बाजू टेकली की त्यांचा श्वास अडखळे. छातीत गाठ होती. ती त्यांनी पदराआड ठेवली. मला ठाऊक होतं, पण बाजेला विचारतं कोण? दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि घरी पाठवलं.

आमच्याकडे बाजेवर जीव जाऊ देत नाहीत. शेवटची घटका आली की माणसाला खाली भुईवर घेतात. विमलताईंनाही घेतलं. म्हणून माझ्यावर कोणी मेलं नाही, असं म्हणता येतं. पण त्यांचं सगळं दुखणं माझ्यावरच गेलं.

मग मला भिंतीला उभं केलं. गावात सांगितलं, म्हातारपणानं गेली. समीक्षाची दारव्ह्याला सोयरीक जुळत होती. असलं दुखणं घरात होतं हे कळलं तर पाहुणे माघारी फिरतील, ही भीती.

दिवाळीनंतर सुचित्राताई आल्या. जिल्ह्यात कॅन्सर किती जणांना होतो, किती जण त्यानं जातात, हे गावोगाव विचारणं त्यांचं काम.

"काकू कशानं गेल्या?"

"म्हातारपण, मॅडम."

"वय?"

"पंचावन्न."

"आणि तुमचं?"

"साठीच्या पुढं असन."

"मग तुम्ही कसे राहिलात, काका?"

दारातल्या समीक्षाला हसू आलं. विठ्ठलरावही ओठांत हसले.

सुचित्राताई बसायला म्हणून मला ओढू लागल्या, तसे ते एकदम उठले. "त्या बाजीवर नका बसू, मॅडम."

"का हो?"

पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. जे झाकायचं, तेच दाखवून बसले होते.

सुचित्राताईंनी मला हळूच खाली टाकलं आणि बसल्या. "हा आजार बाजेवरून लागत नाही, काका. जगात कॅन्सर किती, याचा अंदाज बांधणारे लांब बसलेले असतात. ते घरोघर जात नाहीत, आम्ही थोड्या घरांतून आणलेल्या माहितीवरूनच ठरवतात. शितावरून भाताची परीक्षा. तुम्ही शितच लपवलं, तर आपल्या भागात हा आजार कमीच, असं ठरेल. मग तपासणीची गाडी इकडे कशाला येईल?"

विठ्ठलराव लेकीकडे बघत राहिले. "हिलेबी होते का?"

"आईला झाला म्हणून होतोच असं नाही. पण तिनं डॉक्टरांना दाखवत राहावं. लपवलं, तर तेही राहून जाईल."

ते आले आणि माझ्या पायथ्याशी टेकले. माझी दोरी करकरली.

"कॅन्सर होता, मॅडम. छातीचा. तिनं आमच्यापासून लपोला, मंग आमी गावापासून लपोला."

समीक्षानं हळूच विचारलं, "अन् दारव्ह्याच्या लोकाइले?"

"त्याइलेबी सांगू. फिरले तं फिरू दे. मले तू पाह्यजे."

दारव्ह्याला खरं कळवलं, तिकडून अजून निरोप नाही. समीक्षा डॉक्टरांना दाखवून आली. काही निघालं नाही, पुन्हा जायचं आहे. विठ्ठलरावांनी माझी सैल पडलेली दोरी आवळली. आता तेच माझ्यावर निजतात, डाव्या कुशीवर.

तुमच्या घरी एखादी बाज भिंतीला उभी असेल, तर तिला खाली टाका. तिच्यावर कोण निजलं होतं, कशानं गेलं, ते विचारणाऱ्याला खरं सांगा. आणि आज जी कोणी कूस बदलून निजते आहे, तिला आधी विचारा. विमलताईंना कोणी विचारलं नव्हतं.