तिसरी पुडी

औशाच्या बसवंतअप्पांना पुडी बांधल्याशिवाय चैन पडत नसे. पस्तीस वर्षं किराणा दुकान चालवलेला माणूस. जिरे-मिरे सोडाच, औषधाच्या गोळ्या, कपाटाची किल्ली, चष्म्याची सुटलेली काडी, सगळं कागदात जाई आणि वरून पांढऱ्या दोऱ्याची गाठ बसे. दुकान मुलाच्या हाती गेलं, पण बोटांची खोड काही गेली नाही. नेपाळच्या यात्रेला निघताना त्यांनी पशुपतिनाथासाठी एक खडीसाखरेची आणि एक विभूतीची पुडी बांधली.

यात्रा खरी कमलम्माची. तिचं माहेर कर्नाटकातल्या भालकीचं. पशुपतिनाथाचे पुजारी कन्नड मुलखातून जातात, असं तिनं लहानपणी आजोबांकडून ऐकलं होतं. इतक्या लांब, परक्या देशात, देवाच्या अगदी जवळ आपली भाषा बोलणारं कुणीतरी आहे, याचं तिला भारी अप्रूप होतं. लग्न होऊन औशाला आली तशी तिची कन्नड मुकीच झाली होती. "मी पुजाऱ्याशी बोलणार हाय," हे तिनं बसमध्ये शेजारच्या शिवकांताबाईंना काशी येईपर्यंत दहा वेळा तरी ऐकवलं.

चौथ्या दिवशी सकाळी लातूरची ती बस सोनौलीला थांबली. समोर कमान आणि कमानीपलीकडे दुसरा देश. दुकानं इकडच्यासारखीच, पाट्याही वाचता येण्यासारख्या. तरी बसमधली चाळीस माणसं खिडक्यांतून डोकावू लागली. यात्रा काढणारा नांदेडचा नरसिंग खाली उतरून सगळ्यांची मतदान कार्डं गोळा करू लागला. त्या दिवशी तपासणी कडक होती, कार्डाशिवाय कुणाला पलीकडे सोडत नव्हते. अप्पांचं कार्ड खिशातून निघालं. कमलम्माचं काही निघेना.

"अवो, तुमच्यापाशीच दिलं व्हतं की," ती हळूच म्हणाली. "पिशवीत बघा. निघताना तुम्ही आणिक एक पुडी बांधून राहिले व्हते."

"देवाच्या पुड्या वाटंत सोडत असतेत का?" अप्पा डाफरले. देवाच्या नावानं गाठ मारली की ती देवापुढंच सोडायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मागं रांग लागली होती, नरसिंग घड्याळ बघत होता, आणि अप्पांना चारचौघांत आपली बाजू राखायची होती. ते मोठ्यानं म्हणाले, "हिचं असंच हाय. घरी ठिवून आली असंल. पस्तीस वर्षं बघून राहिलो मी."

दोघं-तिघं हसले. कमलम्मानं बसमधून आपली बॅग उतरवून घेतली.

गुडघ्यानं बेजार झालेल्या गुरम्मा आजी पुढचा घाट नको म्हणून कमानीजवळच्या धर्मशाळेत थांबणारच होत्या. कमलम्माची सोय त्यांच्याबरोबर झाली. "मी बी थांबतो," अप्पा म्हणाले खरे, पण म्हणताना त्यांचा एक पाय बसच्या पायरीवर होता.

तिनं तो पाय पाहिला. "जा तुम्ही," ती म्हणाली. "देवाच्या पुड्या हायत तुमच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी काठमांडूला दर्शनाच्या रांगेत अप्पा पुढं सरकले. त्यांच्या कपाळावरची विभूती आणि गळ्यातलं लिंग पाहून पुजाऱ्यानं आपलेपणानं कन्नडमध्ये गाव विचारलं, "याव ऊरु?" अप्पांना त्यातलं काही कळलं नाही. इतकी वर्षं कन्नड बाईच्या हातचं जेवले, पण तिचे चार शब्द काही त्यांनी उचलले नव्हते. त्यांनी घाईघाईनं खडीसाखर सोडली, विभूती सोडली. तिसरी पुडी हाताला लागली ती चपटी. गाठ निघेना म्हणून दोरा तोडला, तर आतून कमलम्माचा फोटो वर आला, कार्डावरचा, घाबरलेल्या डोळ्यांचा.

खिशात कार्ड वाकेल म्हणून निघता निघता आपणच ते बांधलं होतं. आता आठवलं.

बाहेर येऊन ते पायरीवर बसले. नरसिंगला सांगायचा अवकाश, सीमेकडे जाणाऱ्या जीपमधून कार्ड आजच गेलं असतं आणि उद्या संध्याकाळी ती इथं आली असती. मुक्काम अजून दोन दिवस होता. पण सांगायचं म्हणजे सीमेवर हसलेल्या त्या दोघा-तिघांसमोर सांगायचं. देवळातला एक लाल दोरा घेऊन अप्पांनी पुडी पुन्हा बांधून टाकली.

संध्याकाळी नरसिंगनं आपला फोन आणून दिला. "अप्पा, काकूंशी बोला."

"जेवलीस का?" अप्पांनी विचारलं.

"हाव. पुजारी बोलले का कन्नडमधी?"

"गर्दी लई व्हती," अप्पा म्हणाले आणि फोन परत केला.

मुक्काम संपवून बस परत कमानीतून आली, तेव्हा कमलम्मा भरलेल्या बॅगेवर बसलेली होती. बस गोरखपूरच्या रस्त्याला लागल्यावर तिनं प्रसाद कपाळाला लावला आणि उरलेला ठेवायला अप्पांच्या पिशवीत हात घातला. हात बाहेर आला तो पुडी घेऊनच. लाल दोऱ्याकडं तिनं थोडा वेळ पाहिलं. मग गाठ सोडली.

"कवा सापडलं?"

खोटं बोलावं असं अप्पांच्या मनात येऊन गेलं. "देवापुढं. पहिल्याच दिवशी."

"म्हंजी फोन केला त्याच्या आधी."

"हाव," अप्पा म्हणाले. "चुकलं माझं. लई चुकलं."

"इसरलात त्याचं मला काय न्हाई." तिनं कार्ड आपल्या पिशवीत ठेवलं. "पुडी सोडली की तुम्हाला सापडंल, अन् तुम्ही निरोप धाडाल, असं वाटलं. रोज पहाटं न्हाऊन, बॅग भरून कमानीपाशी बसले मी. पुजाऱ्याशी काय बोलायचं ते बी कन्नडमधी जुळवून ठिवलं व्हतं."

अप्पांनी मान खाली घातली. त्यांनी विचारलं, "काय बोलणार व्हतीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "सांगून काय उपेग? तुम्हाला कळायचं न्हाई ते."