किसणी आणि पहिलं गिऱ्हाईक

मी किसणी बोलतेय. नाक मुरडू नका. स्वयंपाकघरात खिळ्याला लटकून, आठवड्यातून एकदा गाजर दिसलं तर दिसलं, असं जिणं माझ्या वाट्याला आलं नाही. मी बाजारातली किसणी आहे. चारचौघांत, भर चौकात काम करणारी. माझं काम बघून लोकांनी माझ्या हजारो बहिणी घरी नेल्या, आणि याचा मला गर्व आहे. खोटं कशाला बोलू?

माझा जन्म जर्मनीतल्या सोलिंगनचा. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची पाटी आणि तिच्यात तिरकं बसवलेलं पोलादी पातं, एवढीच मी. तिथून पेटीत बसून सीमा ओलांडली आणि आयसेल नदीकाठच्या एका डच गावात द्रीकुस वोल्बर्सच्या हाती लागले. द्रीकुसनं पेटीतून सहज जी पहिली काढली, ती मी. हे आपलं नशीब.

द्रीकुस बोलून माल खपवणारा. अशा लोकांना बाजारात कायमचं दुकान नसतं. शनिवारी सकाळी ब्रिंक चौकात बाजाराचा अधिकारी चिठ्ठ्या काढायला लावतो आणि ज्याला जी जागा मिळेल तिथे त्यानं एक टेबल मांडायचं. समोर रिकामे दगड. त्या रिकाम्या दगडांशी बोलायला सुरुवात करायची, हीच खरी विद्या. लोक थांबलेल्या लोकांपाशी थांबतात, पण पहिला कोण थांबणार?

द्रीकुसचा आवाज खणखणीत. "मंडळी, माझ्या बायकोला लग्नात हिरा हवा होता. मी दिली ही किसणी! हिरा बोटात मिरवतो हो, पण कोबी कापतो का?" एवढं होईपर्यंत मी अर्धा लाल कोबी केसासारखा बारीक करून टाकलेला असे. मग गाजर, मग काकडी. बघणाऱ्या बायांच्या डोळ्यांत संध्याकाळची कोशिंबीर दिसू लागली की तो किंमत सांगे आणि लगेच वर म्हणे, "आणि आज, फक्त आज, प्रत्येक किसणीबरोबर बटाटे सोलायचं एक सोलाणं फुकट." मी माणसाला थांबवायची आणि त्याचा हात खिशात घालायला लावायचं ते फुकटचं सोलाणं. फुकट म्हटलं की भली भली माणसं पाघळतात, हे मी बावीस वर्षं पाहिलंय. ते सोलाणं 'फक्त आज' म्हणत बावीस वर्षं फुकट होतं.

तरीही शेवटची एक अडचण उरायचीच. सगळ्यांना हवी असते, पण पहिला हात कुणी वर करत नाही. आपण फसलो तर शेजारीण हसेल ना! म्हणून गर्दीत मागे एक बाई उभी असायची. हातात बाजाराची पिशवी, चेहरा अनोळखी. ती म्हणायची, "मला दोन द्या." मग पटापट हात वर व्हायचे. ती बाई म्हणजे फेना. द्रीकुसची बायको.

मला ते कधी आवडलं नाही. मी काय कापत नव्हते, की मला भाडोत्री गिऱ्हाईक लागावं?

मग द्रीकुसच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला. घरी तो पाटीवर खडूनं लिहून बोलू लागला. त्यात अधिकाऱ्याचं पत्र आलं. आणखी एक शनिवार चुकला तर वोल्बर्सांचं नाव चिठ्ठ्यांतून काढणार. आणि या वयात हे घर दुसरं काय करणार होतं?

"मी उभी राहते," फेना म्हणाली. दोन किसण्या मागण्यापलीकडे चारचौघांत कधी तोंड न उघडलेली बाई.

आठवडाभर तिनं द्रीकुसचं भाषण पाठ केलं. बटाटे सोलताना, अंथरुणं घालताना, अगदी शब्दन् शब्द. शनिवारी चिठ्ठी निघाली ती चौकाच्या टोकाची, मासेवाल्या एव्हर्टच्या हेरिंगच्या गाडीशेजारची. द्रीकुस गळ्याला मफलर गुंडाळून लांब उभा राहिला. फेनानं मला हातात घेतलं. तिचा तळवा घामानं ओला होता, तिला मी धड धरवतही नव्हते.

"मंडळी," ती म्हणाली, "माझ्या बायकोला लग्नात हिरा हवा होता..."

आणि आपण काय बोललो ते तिला कळलं. तिच्या कानांपर्यंत लाली चढली. मला पात्यासकट लाकडात शिरावंसं वाटलं.

एव्हर्टनं हातातला मासा खाली ठेवला. "फेना, तुला बायको आहे? आणि आम्हाला पत्ताच नाही!"

पाच-सहा लोक हसून थांबले. फेना त्यांच्याकडे पाहत राहिली. मग पाठ केलेलं सगळं सोडून तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नवऱ्याची वाक्यं आहेत हो. आणि हिरा मी कधी मागितलाच नव्हता. ही किसणी मात्र मिळाली. ही चालते." आणि तिनं मला कोबीवर चालवलं. द्रीकुससारखं झोकात नाही. घरी करते तसं, सावकाश. बशीत चिमूटभर कोबी, त्यात सफरचंदाच्या फोडी, आणि ती बशी तिनं लोकांपुढे धरली. "खाऊन बघा. घेतलंच पाहिजे असं नाही."

माणसं जमली. वीस तरी असतील. तेवढ्यात करड्या कोटातली एक म्हातारी पुढे आली आणि फेनाला न्याहाळू लागली.

"अगं, तू तीच ना? दर शनिवारी दोन किसण्या घेणारी?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. दोघे-तिघे तर वळलेसुद्धा. द्रीकुसनं डोळे मिटून घेतले. बावीस वर्षांची अब्रू त्या एका प्रश्नावर लटकत होती.

"हो, मीच," फेना म्हणाली.

"एवढ्या किसण्यांचं केलंस काय गं?"

"संध्याकाळी परत पेटीत ठेवायची, काकू."

एव्हर्ट आधी हसला. मग बाकीचे.

"म्हणजे फसवत होतात की!" म्हातारी म्हणाली.

"पहिलं गिऱ्हाईक खोटं होतं. किसणी खोटी नव्हती," फेना म्हणाली. "आज मागे कुणी उभं नाही माझं. नवरा आहे तिकडे, पण त्याला सांगून ठेवलंय, हात खिशातून काढायचा नाही. घ्या, तुम्हीच कापा." आणि तिनं मला म्हातारीच्या हातात दिलं.

परक्या हातात मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले. हात नवखा होता, गाजर वाकडं होतं. मी जीव ओतून कापलं. पातळ, एकसारख्या चकत्या टेबलावर पडत गेल्या. म्हातारीनं गाजर संपेपर्यंत थांबायचं नाव घेतलं नाही. मग मला उलटीसुलटी करून पाहिलं.

"एक दे मला," ती म्हणाली. "आणि ते सोलाणं विसरू नकोस."

खरं पहिलं गिऱ्हाईक! त्यानंतर कोण कुणाच्या आधी हात वर करतंय तेच कळेना. दुपारच्या आत पेटी रिकामी झाली. बाजाराचा अधिकारी वहीत काहीतरी लिहून पुढे गेला आणि जाताना फेनाला म्हणाला, "पुढच्या शनिवारी वेळेवर या."

सगळे पांगल्यावर द्रीकुस टेबलापाशी आला आणि त्यानं हात वर केला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"उशीर केलात राव," फेना म्हणाली, "संपल्या."

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही नाही मिळायची. ही माझ्याबरोबर कामाला आहे."

बावीस वर्षं मी द्रीकुसची किसणी होते. कामाला आहे असं मात्र मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी म्हटलं. आता माझं लाकूड काळवंडलंय, पातं दोनदा बदलून झालंय, आणि बाजारात रंगीत प्लास्टिकच्या कितीतरी आल्यात. येऊ देत. शनिवारी ब्रिंकवर एक बाई साध्या आवाजात बोलताना दिसली तर जरा थांबा. घ्यायलाच हवं असं नाही. पण गाजर तुम्ही स्वतः कापून बघा.