विलायती आहेर

बेबीताईचं लग्न झालं ते साल चौऱ्याहत्तर. दुष्काळ सरला होता, विहिरींना पुन्हा पाणी लागलं होतं, आणि साखरखेर्ड्याच्या शेषरावांनी त्या पाण्यावर वांगी-मिरची काढून भाचीचं लग्न आपल्याच दारात काढलं होतं. बेबीताईचे वडील अर्जुनराव बुलढाण्याच्या कचेरीत शिपाई होते. पोर परकरात असतानाच ते गेले. माघारी शेषरावांची बहीण सुभद्राबाई लेकीला घेऊन बुलढाण्यातच राहिली, आणि बेबीताईला मामा हाच बाप झाला.

मुलाकडचे हिवरा आश्रमाचे. मुलगा चांगला, घर चांगलं, वावर चांगलं. अडचण एकच, मुलाचे वडील. रंगराव नावाचे हे गृहस्थ रुसण्यात पटाईत होते. ते स्वतःच्या लग्नात रुसले होते, भावाच्या लग्नात रुसले होते, आणि एकदा तर ओळख ना पाळख अशा माणसाच्या बारशाला जाऊन तिथंही रुसून आले होते. रुसले की बोलत काही नसत. ते सगळं पोटात साठवायचे आणि पुढं घरात आलेल्या सुनेला चवीचवीनं ऐकवायचे. थोरल्या सुनेच्या लग्नात त्यांना चहा कोमट मिळाला होता. तिला दोन लेकरं झाली तरी तो चहा काही गरम झाला नव्हता.

शेषरावांचं देवाकडं मागणं एवढंच होतं, की बेबीताई सासरी निघेल तेव्हा या माणसाच्या पोटात काही राहू नये.

आणि सकाळीच टोपी लहान निघाली. मानपानात रंगरावांना धोतर, उपरणं आणि टोपी दिली गेली. टोपी शेषरावांनी बाजारातून आणली होती, स्वतःच्या डोक्यावर घालून, आरशात पाहून. रंगरावांचं डोकं म्हणजे दुधाचं मोठं पातेलं, गंजच. त्यावर ती टोपी वाटीसारखी बसली. दुसरा कोणी असता तर त्यानं काढून ठेवली असती. रंगरावांनी ती डोक्याच्या टोकावर तशीच ठेवली, मांडवाबाहेर बाज टाकायला लावली, आणि मांडवाकडं पाठ करून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आधी ती टोपी दिसत होती. अक्षता पडल्या तेव्हा त्यांनी त्या बाजेवरूनच, मागं न पाहता, खांद्यावरून टाकल्या.

सुभद्राबाई डोळ्याला पदर लावून आत बसली. शेषरावांनी दोनदा जाऊन विनवलं. दोन्ही वेळा रंगराव आभाळाकडं बघत राहिले.

पंगती बसायच्या सुमाराला चिखलीच्या रस्त्यावरून एक मोटार आली आणि मांडवासमोर थांबली. मोटारीच्या मागं चाकांवरचं एक पांढरं घर जोडलेलं होतं. त्याला खिडक्या होत्या, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे होते. अजिंठा पाहून लोणारचं सरोवर पाहायला निघालेलं ते गोरं जोडपं होतं. साहेब उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. तो उतरला, मागच्या घरात शिरला, आणि हातात एक पेटी घेऊन बाहेर आला. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, निळ्या झाकणाची, वर उचलायला कडी. ती त्यानं अंगापासून लांब, दोन्ही हातांनी मोठ्या जपणुकीनं धरली होती. मांडव, माणसं, रोषणाई बघून तो जरा बावरला, आणि त्याला येत असलेल्या हिंदीत त्यानं विचारलं, किधर.

पाहुणा दारात आला आणि त्याच्या हातात ओझं राहू दिलं, असं शेषरावांच्या घराण्यात घडलं नव्हतं. साहेबाला पुढचा शब्द आठवायच्या आत पेटी शेषरावांच्या हातात होती. साहेब दचकून पेटीमागं धावला, तर दोघांनी त्याला धरून खुर्चीत बसवलं, तिसऱ्यानं कुंकू लावलं, चौथ्यानं डोक्याला फेटा गुंडाळला. बाईसाहेबांना बायकांनी उचलूनच नेलं.

मांडवात आलेली वस्तू आहेरातच जायची. पेटीवर हळदी-कुंकवाची बोटं उठली आणि भोंग्यावरून पुकारा झाला, की विलायतेहून खास लग्नासाठी आलेल्या साहेबांकडून नवरा-नवरीला एक पेटी.

रंगरावांची पाठ हलली. मग मान वळली. मग सकाळपासून पहिल्यांदा सगळे रंगराव वळले. बाजेवरून उठून ते मांडवात आले आणि पेटीभोवती एक चक्कर मारली. हिवऱ्याच्या कोणत्याही लग्नात विलायतेचा आहेर आलेला नव्हता. ती आपल्याजवळ ठेवा, म्हणाले, आणि तिच्यावर हात टेकून पाटावर बसले. शेषराव समोरून गेले तर त्यांना थांबवून म्हणाले, "टोपीचं काही मनावर घेऊ नका. टोपी काय, लहान-मोठी होतच राह्यते."

शेषरावांना त्या साहेबाच्या पायावर लोळण घ्यावीशी वाटली.

साहेब मात्र जेवणावर सुखानं बसेना. तो उठायला लागला की पानात पोळी पडायची. पेटीकडं बोट करून तोंड उघडलं की बुंदी पडायची. हात आडवे करून नको म्हणाला तर वाढणाऱ्याला ती आग्रहाची मागणीच वाटली. शेवटी बाईसाहेबच उठल्या आणि शेषरावांना खुणेनं आपल्या चाकांवरच्या घराकडं घेऊन गेल्या. शेषरावांना ते आतून बघायची हौस होतीच.

आत चूल होती, मोरी होती, घडी होणारा पलंग होता. शेषराव एकेका वस्तूला मान डोलवत होते. मग बाईंनी कोपऱ्यातलं एक अरुंद दार उघडलं. आत एक बैठक होती. तिला भोक होतं, वर झाकण होतं, आणि खाली चौकोनी रिकामी जागा होती. अगदी पेटीएवढी. बाईंनी त्या रिकाम्या जागेकडं बोट केलं, मग मांडवाकडं बोट केलं, मग नाक धरलं. आणि शेवटी हात गळ्यापर्यंत नेऊन दाखवलं, की भरली आहे.

शेषराव खाली बसणार होते, पण बसायला तिथं ती एकच जागा होती.

ते मांडवात परतले तेव्हा रंगराव आपल्या नातलगांना पेटीचा खटका दाखवत होते आणि घरी गेल्यावर, देवापुढं ठेवून, ती आपण स्वतः उघडू असं सांगत होते. शेषराव आपल्या या व्याह्यांच्या कानाशी वाकले.

"इवाई, ते पेटी वापस द्या लागते."

रंगरावांचा चेहरा पुन्हा सकाळच्या वळणावर जाऊ लागला. "काऊन? टोपी लहान अन् आता पेटीबी नाही?"

"आहेर नाही तो."

"मंग काय हाय?"

शेषरावांनी सांगितलं. अगदी थोडक्यात, पण काही राहू न देता सांगितलं. रंगराव पेटीवरच्या स्वतःच्या हाताकडं बघत राहिले. एकदम उचलला असता तर लोकांनी पाहिलं असतं. म्हणून त्यांनी तो हळूहळू, एकेक बोट करून उचलला.

"भरेल हाय?"

"काठोकाठ."

"मी मघाशी हालवून पाह्यली," रंगराव म्हणाले. "मले वाटलं अत्तर असन."

आता पेच असा, की शेषराव पेटी घेऊन गेले तर नातलग म्हणणार मुलीकडच्यांनी आहेर परत घेतला. साहेबाला देऊन टाकली तर म्हणणार रंगरावांनी विलायतेच्या पाहुण्याचा अपमान केला. आणि खरं सांगितलं तर रंगराव दीड तास कशावर हात ठेवून बसले होते ते हिवऱ्याला जन्मभर पुरलं असतं. रंगराव उठले, पेटी स्वतःच उचलली, आणि साहेबाला जरा गाव दाखवून आणतो असं सगळ्यांना सांगून चालू लागले. मागं शेषराव, मागं फेट्यातला साहेब, मागं बाईसाहेब.

आणि मागं बँड. मुलाचा बाप पायी निघाला की पुढं-मागं वाजंत्री हवीच, ही रीत. बँडवाले सावलीत पडले होते, ते धावतपळत वाजवतच आले. शेषरावांनी त्यांचा मास्तर भगवानराव याला परत जायला सांगितलं. मास्तरानं कर्णा तोंडातून काढला आणि साफ नाही म्हणाला. इवाईबुवांना मुकं चालू दिलं म्हणून उद्या बोल लागेल तो बँडला.

आधी ते बसस्टँडमागच्या सार्वजनिक संडासांकडं गेले. तिथं डबे घेऊन रांग होती. बँड आणि फेटे येताना पाहून रांगेतल्यांनी अदबीनं वाट करून दिली आणि वरात पुढं जाईल म्हणून थांबले. वरातही थांबली. कोणीच हलेना. एवढ्या लोकांसमोर, वाजतगाजत, हळदी-कुंकवाची पेटी घेऊन आत शिरायचं रंगरावांना जमेना. ते जणू याच वाटेनं जायचं होतं अशा चालीनं पुढं निघून गेले, आणि रांगेतल्या दोघांनी त्यांना हात जोडले.

मग एका लॉजवर गेले. तिथला मालक वरात आपल्या दारात आली म्हणून हरखून बाहेर आला, सगळ्यांना सरबत दिलं आणि पेटीला फुलांचा हार घातला. त्याच्यापुढं तोंड उघडायची शेषरावांची छाती झाली नाही. तळ्याकडं वळले तर रंगरावच अडून बसले. "पाण्यात नाही टाकाचं. लोकं पेतात." रस्त्याकडेच्या एका रिकाम्या वावरात शिरले, तर वावराचा धनी बांधावरून पळत आला आणि कुठली पाहुणेमंडळी म्हणून चहाचा आग्रह करू लागला. तोवर पोरांची ही गर्दी झाली होती. साहेबाला सगळं समजलं म्हणा, नाहीतर काहीच समजलं नाही म्हणा, तो फेटा सावरत बँडपुढं नाचत होता, आणि बाईसाहेब फोटो काढत होत्या.

गावाबाहेरच्या एका पुलाच्या कठड्यावर रंगराव टेकले. पेटी मांडीवर. मास्तरानं नवं गाणं धरलं. रंगरावांचे खांदे हलायला लागले. शेषरावांना वाटलं, आता हे रडतात. पण ते हसत होते. हसू आधी पोटात होतं, मग गळ्यात आलं, आणि मग असं फुटलं की डोक्यावरची टोपी उडून खाली पडली. या माणसाला हसताना हिवऱ्यातही कोणी पाहिलं नव्हतं.

"शेषराव," त्यांनी डोळे पुसत म्हटलं, "हे जर का हिवऱ्यात कोणाले कळलं, तं मले गाव सोडा लागते."

शेषरावांनी टोपी उचलली, झटकली, आणि हातातच ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाती काहीतरी सापडलं होतं.

"माह्या तोंडातून नाही निघनार," ते म्हणाले. "पण माह्या पोरीले टोपी ऐकू आली नाही पाह्यजे. टोपी नाही, चहा नाही, काहीच नाही."

रंगरावांनी पेटीकडं पाहिलं, टोपीकडं पाहिलं. "हाव," म्हणाले. आणि पेटी सावरत, "माह्या वावरात मोठा उकिरडा हाय. लोणारले जाच्या वाटेवरच हाय. तिथं कोणी चहा नाही पाजत."

अशा रीतीनं बेबीताईची पाठवणी चाकांवरच्या पांढऱ्या घरातून झाली. नवरा-नवरी पलंगावर बसली. रंगराव चुलीजवळ, पेटी मांडीवर घेऊन, आणि त्यांच्या शेजारी शेषराव. वऱ्हाडाच्या बसमधून नातलग वाकून बघत होते आणि म्हणत होते, की म्हातारा त्या आहेराला क्षणभर खाली ठेवत नाही. सुभद्राबाई रडली, पण सकाळसारखी नाही.

दिवस मावळताना, हिवऱ्याला दारात सून ओवाळून घेण्याची घाई चालली असताना, रंगरावांनी धोतर खोचलं आणि मागच्या वावरात पेटी स्वतःच्या हातानं रिकामी केली. शेषराव नाकाला उपरणं लावून शेजारी उभे होते. साहेबानं पेटी विहिरीपासून लांब नेऊन धुतली आणि दोघांशी हात मिळवायला पुढं आला. दोघांनीही थोडा विचार केला, मग मिळवले.

त्या पावसाळ्यात त्या उकिरड्याच्या काठानं लाल भोपळ्याचा वेल गेला, तो गोठ्यावर चढला. दसऱ्याला रंगरावांनी त्यातला एक भोपळा साखरखेर्ड्याला पाठवला. दोन माणसांनी धरून आणावा एवढा. शेषरावांच्या घरी सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला. शेषरावांचा त्या दिवशी उपास निघाला. दुसऱ्या वर्षी भोपळा आला तेव्हाही निघाला.

बेबीताईला सासऱ्यांनी कधी एक शब्द ऐकवला नाही. कधीमधी चहा कोमट झाला आणि रंगरावांनी कप खाली ठेवून घसा खाकरला, तर ती पदर सावरत सहज म्हणायची, की मामा उद्या येऊन राह्यले. रंगराव तो चहा पिऊन टाकायचे. तिला पुलावरचं बोलणं माहीत होतं की नव्हतं, हे दोघांपैकी कोणी तिला विचारलं नाही.

रंगराव एक्क्याण्णव साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हिवरा आश्रमाला वारले. शेषराव अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात साखरखेर्ड्यातच वारले, आणि पेटीत काय होतं ते दोघांपैकी कोणाच्याच तोंडातून शेवटपर्यंत निघालं नाही.